पाचव्या तासापासून आठव्या तासापर्यंत

माझ्या आईने माझं औषध खाल्लं, ही गोष्ट मी आजवर दोनच माणसांना धड सांगितली. एक त्या दिवशीची डॉक्टर आणि दुसरे माझे गाईड. बाकी सगळ्यांना मी एवढंच सांगते की आईची शुगर अचानक उतरली होती. तेही काही खोटं नाही. पण अर्धवट सांगायची खोड मला आधीपासून आहे, आणि त्या खोडीनेच आमचा घात होता होता राहिला, म्हणून आज सगळं लिहितेय.

मी नांदेडला औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करते. ऐकायला भारी वाटतं, बघायला अजिबात नाही. सिलिका म्हणजे शेवटी वाळूच. तिचे पिठाहून बारीक कण तयार करायचे, त्या कणांना आतवर भोकं राहतील अशी तजवीज करायची, भोकांत औषध भरायचं आणि वरून एक पातळ थर देऊन भोकांची तोंडं बंद करायची. हा थर पोटातल्या आम्लात टिकतो. आतड्यात गेल्यावर विरघळतो आणि औषध हळूहळू बाहेर पडतं. माझं औषध रक्तातली साखर उतरवणारं. दोन वेळची गोळी विसरणाऱ्या माणसाने सकाळी एकदाच चिमूटभर घ्यावं आणि ते दिवसभर पुरावं, असा सगळा मनसुबा.

ते खरंच हळूहळू सुटतं का, हे बघायला माणसाचं पोट लागत नाही. त्यासाठी मशीन आहे. सहा काचेची भांडी, त्यांत शरीराइतकं ऊन पाणी आणि आत फिरणारी सहा पाती. पहिले दोन तास जठरातल्यासारखं आम्लाचं पाणी, मग आतड्यातल्यासारखं. ठरल्या वेळेला सिरिंजने थोडं पाणी काढायचं, तेवढंच ताजं परत घालायचं आणि काढलेल्या पाण्यात औषध किती उतरलं ते मोजायचं. आम्ही मुली त्या भांड्यांना पोटंच म्हणतो. "तुझी पोटं धुऊन ठेव गं," असं एकमेकींना सांगतो. नवीन आलेला माणूस दचकतो.

आई चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेत खिचडी शिजवते. वडील गेल्यापासून ती आणि मी, दोघीच. तिला स्वतःला साखरेचा त्रास आहे. आमच्या वस्तीत, विहाराच्या पायऱ्यांवर बायका जमल्या की ती सांगते, "माझी पोरगी साखरेचं औषध बनवती." अजून ते औषध झालेलं नाही, नुसता प्रयोग चाललाय, असं मी तिला हजारदा बजावलं. पण तेही तोंडदेखलं. मनातून मला ते आवडायचं. एकदा फोनवर मीच फुशारकी मारली होती, "तुझ्या गोळीपेक्षा भारी आहे आई. घेतलेलं पोटाला कळतसुद्धा नाही." गाईडसमोर असलं वाक्य बोलायची माझी छाती झाली नसती.

कणांची भोकं मोजायचं मशीन आमच्याकडे नाही. लातूरला एका प्रयोगशाळेत आहे. नांदेडहून लातूरला जाताना वाटेत चाकूर लागतं, म्हणून मी आदल्या संध्याकाळच्या एसटीने निघून घरी मुक्कामाला गेले. पिशवीत काचेच्या तीन छोट्या बाटल्या होत्या. दोन रिकाम्या भोकांच्या कणांच्या, तिसरी औषध भरलेल्यांची. पिशवीत फुटतील म्हणून मी त्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, चहापत्तीच्या डब्याशेजारी ठेवल्या. शिकलेल्या बाईची अक्कल ती एवढीच.

"ह्येच का त्ये?" आईने विचारलं.

"हेच. ती निळ्या टोपणाची."

"आन् खायाचं कसं?"

"चिमूटभर, पाण्यात," मी जांभई देत म्हणाले आणि अंथरुणावर पडले.

सकाळी सव्वासातला पिशवी भरताना निळ्या टोपणाची बाटली उचलली तर हाताला हलकी लागली. शेजारी ओला चमचा. आई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"आई, ही बाटली कुणी उघडली?"

"म्या."

"कशाला?"

"बघितलं खाऊन. चव न्हाई कायी त्याला, खडूवानी लागतं."

"किती खाल्लंस?"

"अर्धा चमचा. चिमटीत यीना, लई हलकं हाय."

"कधी?"

"चहाच्या आदी. साडेसा झाले आसतील. का गं? तोंड का असं केलंस?"

ती माझ्यासमोर धडधाकट बसली होती, कपाळावर चुलीचा घाम, भाकरी उलटत होती, आणि ती ठीक दिसत होती याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. कारण साडेआठपर्यंत तिला काहीही होणार नाही, हे मला माहीत होतं. तसंच तर मी ते बनवलं होतं. थर आम्लात टिकावा म्हणून मी अख्खं एक वर्ष घातलं होतं.

मी तिला मिठाचं पाणी पाजलं, घशात बोटं घालायला लावली. नुसता चहा पडला. ती चिडली. "याड लागलं का तुला? तूच म्हनलीस पाण्यात खायाचं." मी भाकरी, गुळाचा खडा, आधारकार्ड आणि ती बाटली पिशवीत कोंबली. चाकूरला उतरून दाखवावं की सरळ लातूर गाठावं, हा विचार रिक्षात पाच मिनिटं केला. दिवसभर शेजारी थांबून दर थोड्या वेळाने कुणी साखर तपासणार असेल तर ते लातूरलाच. स्टँडवर लातूरची गाडी लागलेलीच होती. आईची एकच काळजी, "दुसऱ्या बाईला फोन कर, तांदूळ निवडाया सांग. लेकरं उपाशी बसतील."

गाडीत मी तिला खिडकीशी बसवलं आणि तिच्याकडे बघत राहिले. साडेआठ वाजले. आता ते जठरातून पुढे सरकलं असेल. आता थर मऊ पडायला लागला असेल. बाहेर हरभऱ्याची रानं चालली होती, मागच्या सीटवर दोघं ट्यूशनच्या फीवरून वाद घालत होते, आणि माझी आई माझ्यामुळे मरणार, हे एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. मी तिच्या हातात गूळ दिला. "साखर हाय मला, गूळ नगं," ती म्हणाली. मी ओरडले, "खा!" सगळी गाडी वळून बघायला लागली.

मी मोबाईल काढून माझा ग्राफ उघडला. तो बघितला की मला बरं वाटायचं. पहिले दोन तास रेघ जमिनीला चिकटलेली. मग ती सावकाश वर चढते, कुठेही धक्का नाही. आठव्या तासाला चारातल्या तीन हिश्शांहून जास्त औषध बाहेर. गाईडनी तो भिंतीवर दाखवून इतर मुलांना म्हटलं होतं, "संथ सुटणं म्हणजे हे." त्या दिवशी मी हवेत होते.

आता जे सांगायचं ते इथेच सांगितलं पाहिजे. त्या रेघेवरचे पाचव्या, सहाव्या आणि सातव्या तासाचे ठिपके मी मोजलेले नव्हते.

प्रयोगाच्या त्या दिवशी आईने एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा पाठवला होता. चौथ्या तासाचं रीडिंग घेऊन मी नांदेडच्या स्टँडवर गेले. अर्ध्या तासात परत येईन म्हणाले. गाडी वाटेत बंद पडली आणि मी स्टँडवर बसून राहिले, कारण डबा सोडून यायला जीव होईना आणि दर पाच मिनिटांनी "आता येतेय" असं कुणीतरी सांगत होतं. परत येईस्तोवर आठवा तास भरत आला होता. चौथ्या तासाला औषध जेमतेम पाव हिस्सा सुटलेलं होतं, आठव्याला भरपूर. मधे काय झालं, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे अहवाल द्यायचा होता. सगळं फेकून परत करायला हवं होतं. मी ते केलं नाही. चौथा आणि आठवा ठिपका पट्टीने जोडला आणि मधले आकडे रेघेवरून उचलले. सहाही भांड्यांना थोडे वेगवेगळे दिले, म्हणजे खरे वाटावेत. वहीत लिहून खाली सही केली.

गाडीत मी तो ग्राफ बघत होते आणि माझीच रेघ मला धीर देत होती. इतकं माणूस स्वतःला फसवू शकतं.

लातूरच्या दवाखान्यात पोचायला साडेनऊ झाले. ड्यूटीवरची डॉक्टर माझ्याच वयाची, डोळ्यांखाली काळं, बोलणं भरभर. तिने आईच्या बोटाला टोचून साखर बघितली. एकशे बेचाळीस. पोटातलं औषध शोषून घेणारी कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली, आईने निम्मी ओकून टाकली. हाताला सुई लावून ठेवली.

"अर्धा चमचा म्हणजे किती मिलिग्रॅम?" तिने विचारलं.

बाटलीच्या चिठ्ठीवर रिकाम्या बाटलीचं वजन आणि आत भरलेल्या पुडीचं वजन, दोन्ही मी लिहिलेलं होतं. उरलेलं तोललं की गेलेलं कळणार. पण एवढा बारीक काटा दवाखान्यात नव्हता. डॉक्टर म्हणाली, "समोर सोनार आहे, पळा." मी पळत गेले. सोनार नुकतं दुकान उघडून उदबत्ती ओवाळत होता. मी बाटली पुढे केली. त्याने काही न विचारता ती दोनदा तोलली, आकडा कागदावर लिहिला आणि मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "विष हाय का ताई?"

"औषध आहे," मी म्हणाले. माझा मलाच विश्वास बसला नाही.

तीनशे वीस मिलिग्रॅम पूड आईच्या पोटात गेली होती. त्यातला दहावा हिस्सा औषध. म्हणजे आईच्या रोजच्या गोळीच्या सहापटीहून जास्त.

डॉक्टरने ओठ दाबले. "कधी सुटतं हे? काही माहिती आहे?" मी मोबाईल पुढे केला. तिने ग्राफ मोठा करून बघितला आणि तिचा चेहरा सैल झाला. "पेशंटबरोबर ग्राफ घेऊन पहिल्यांदाच कुणी आलंय. हे तर छान सावकाश सुटतंय. एकदम काही होणार नाही. दर तासाला साखर बघू, तोंडाने खायला देत राहू. खाट मात्र लागेल मला, बाहेर तीन जण आहेत. यांना तिकडे बाकावर बसवते, चालेल?"

मी मान हलवली. हो, मी मान हलवली. बोलले असते तर माझी सगळी पीएच.डी. त्या बाकावर आडवी पडली असती. खोट्या आकड्यांवर सही करणारीला कोण पुढे शिकू देईल? मी मनाशी म्हटलं, रेघ तशीच असेलही. दोन ठिपक्यांच्या मधे दुसरं काय होणार?

डॉक्टर आईला खाटेवरून उतरवत होती. उतरवता उतरवता तिने थोडं रागावूनच विचारलं, "मावशी, असली पूड कशी काय खाल्लीत हो तुम्ही?"

आईला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "आवो मॅडम, म्या शाळंत खिचडी करती. लेकरायच्या ताटात जायाच्या आदी मलाच खावी लागती. म्या खायाची, मंग गुर्जी खात्यात, मंग चवीच्या वहीत सही करायची. अर्धा घंटा थांबायचं. आमाला कायी झालं न्हाई तर लेकरायला वाढायची. पंधरा वर्सं झाली करून राहिले. तवा म्हनलं, हिचं औषध उद्या लोकं खातील. आदी आपन खाऊन बघावं."

डॉक्टर हसली. मी आईला ती वही भरताना पाहिलं होतं. सही करायला ती चाळिशीत शिकली. खिचडीचा घास गिळल्याशिवाय तिने एकाही दिवशी ती सही केलेली नाही, ताप असला तरी नाही. आणि तिचीच मुलगी मी.

"मॅडम, थांबा," मी म्हणाले. "यातले तीन आकडे खोटे आहेत."

"कुठले?"

"पाच, सहा आणि सात. मी मोजलेच नव्हते. रेघ मी ओढलीय. मधे कधीही सगळं एकदम सुटू शकतं."

ती ओरडेल असं मला वाटलं. तिने फक्त विचारलं, "आठवा खरा आहे?"

"खरा आहे."

"म्हणजे चौथ्यानंतर आठव्यापर्यंत. साडेदहा ते अडीच." तिने आईला परत खाटेवर झोपवलं, खाट टेबलासमोर ओढून घेतली, ग्लुकोजची इंजेक्शनं उशाशी काढून ठेवली आणि साखर मोजायचं यंत्र माझ्या हातात दिलं. "दर पंधरा मिनिटांनी. एकही चुकवू नका." त्या शेवटच्या वाक्यात तिला काही म्हणायचं होतं की नाही, मला माहीत नाही. मला ते लागायचं तिथे लागलं.

पहिल्या तासात फारसं काही हललं नाही. साडेअकराला एकशे एकतीस. पावणेबाराला एकशे अठ्ठावीस. आई बोटं पुढे करायची आणि कुरकुरायची, "समदी बोटं फोडलीस माय." मी केसपेपरच्या पाठीमागे वेळ आणि आकडा लिहीत होते. बाराला एकशे वीस. सव्वाबाराला एकशे सतरा. इतकं संथ की मला वाटलं, उगाच बोलले मी. रेघ खरी होती, मी उगाच स्वतःला बुडवलं. हे असं वाटलं, ते लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

साडेबाराला एकशे अकरा. पाऊणला एकशे दोन. एकला सहासष्ट.

पट्टी खराब असेल म्हणून दुसरी लावली. एकसष्ट. "मॅडम!" मी किंचाळले. आई घामाने निथळत होती, साडी पाठीला चिकटली होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "गुर्जी, मीठ कमी पडलं का?"

"आई, मी आहे."

"वाढू का गुर्जी? अर्धा घंटा झाला." तिचे डोळे माझ्यावर होते आणि तिला मी दिसत नव्हते. मग तिचा जबडा घट्ट मिटला आणि हात झटके द्यायला लागला. तेव्हा किती आलं होतं ते मी मोजलं नाही, डॉक्टरने मोजलं. चौतीस.

ग्लुकोजचं इंजेक्शन नसेत जाईपर्यंतचा वेळ मिनिटभराचाच असेल. त्या मिनिटात मी देवाला हात जोडले नाहीत, आमच्या घरात तशी पद्धत नाही. मी नुसती तिचे पाय धरून उभी होते आणि तिला सांगत होते, जाऊ नको, जाऊ नको. बाकावर बसवली असती तर बाराच्या मापानंतर पुढचं माप एकला झालं असतं, आणि एकशे वीस बघून गेलेली सिस्टर दुसऱ्या खाटेवर अडकली असती तर दीडला. बाकावर बसल्या बसल्या माणूस झोपलं असं सगळ्यांना वाटतं.

साखर वर आली. अर्ध्या तासात परत खाली गेली. परत इंजेक्शन, मग सलाईनमधून सतत ग्लुकोज. अडीच वाजता आईने मला नावाने हाक मारली. चारनंतर आकडे जागेवर राहायला लागले. डॉक्टर म्हणाली, उद्यापर्यंत सोडणार नाही, पण आता श्वास घ्या.

मी बाहेर पडवीत जाऊन गाईडना फोन लावला. सगळं सांगितलं, डब्यासकट. त्यांनी आधी विचारलं, "आई कशी आहे?" मी म्हणाले, "बरी आहे." "कमिटीला पत्र तू लिहायचंस, मी नाही," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पुढे माझं काय होणार, हे तेव्हा मला कळलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं कळलेलं नाही. पत्र मी दिलंय.

आत आले तर आई उशीला टेकून बसली होती. तिला काही आठवत नव्हतं. सगळी बोटं टोचून काळी-निळी झाली होती, ती एकेक करून बघत होती. माझ्या हातातला केसपेपर तिला दिसला.

"लिवलंस का समदं?"

"लिहिलं."

"मंग? चालंल का लोकायला?"

मला खोटं सांगता आलं असतं. ती थकली होती, तिला बरं वाटलं असतं, आणि गावात जाऊन तिने ते बायकांना सांगितलं असतं. मी कागदावरचे आकडे बघितले. पाऊण आणि एक यांच्या मधे ती रेघ सरळ खाली कोसळली होती.

"नाही आई," मी म्हणाले. "एकदम सुटतं. माणूस मरेल."

तिचं तोंड उतरलं. ती माझ्यासाठी हिरमुसली होती. चादर ओढून घेत म्हणाली, "मंग बरं झालं, म्या आदी खाल्लं."